शिबिर भरवताय? आधी खुर्च्या सांगून ठेवा

डॉक्टरसाहेब, तुमच्या दवाखान्याच्या उद्घाटनाचा मांडव आमचाच होता, म्हणून हक्कानं बोलतो. वीस खाटा, बाहेर पेव्हर ब्लॉक, आत एसी, आणि तिसऱ्याच महिन्यात तुमचा कंपाउंडर ओपीडीत माश्या मारतोय. असं होणारच. आपल्याकडे माणूस आजारी पडला की आधी मेडिकलवाल्याला विचारतो, मग मेव्हण्याला, आणि मग थेट जळगाव नाहीतर धुळे गाठतो. तुमची पाटी त्याला दिसते, पण एसटीच्या खिडकीतून.

जाहिरात करावी तर तिचीही पंचाईत. डॉक्टरांच्या वागणुकीचे २००२ सालचे नियम आहेत, त्यांत पेशंट ओढायला जाहिरात करणं बसत नाही. दवाखाना सुरू केला, जागा बदलली, बाहेरगावी गेलो होतो, परत आलो, असलं काहीबाही पेपरात छापता येतं. आता माणूस बाहेरगावी जाऊन जाऊन किती वेळा परत येणार? म्हणून देवानं शिबिर निर्माण केलं. शिबिर ही जाहिरात नव्हे, सेवा आहे. आणि सेवेचा फ्लेक्स बारा बाय वीसचा असला तरी कोणी हरकत घेत नाही.

मी मांडव, खुर्च्या आणि साऊंडवाला. चोपडा, यावल, रावेर, इकडे शिरपूर, शहादा, तापीच्या दोन्ही काठांना इतकी शिबिरं उभी केली आणि सोडली, की अर्धी डॉक्टरकी मला बांबू बांधता बांधता आली. ते ज्ञान फुकट देतो. खुर्चीचं भाडं वेगळं.

आधी तारीख. सरकारी कॅलेंडरात दिवस भरपूर आहेत. ७ एप्रिल आरोग्याचा, १४ जून रक्तदात्यांचा, २९ सप्टेंबर हृदयाचा, १४ नोव्हेंबर मधुमेहाचा. पण पहिला मान भाऊंच्या वाढदिवसाचा. भाऊ कोणते ते मला विचारू नका, निवडणुकीगणिक बदलतात. फ्लेक्सची फाईल तीच असते, मुंडकं तेवढं नवं बसवायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिबिर ठेवू नका, पोरी माहेरी झोक्यावर असतात. श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी नको, घरोघर रोटांची गडबड असते. कापूस वेचणीला तर अजिबात नको, तेव्हा शेतात मजूर सापडत नाही, तुम्हाला पेशंट कुठून सापडेल? उरला मे महिना. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बाराचा मांडव म्हणजे गावातली एकमेव सावली. माणसं आपसूक येऊन बसतात. त्यातून एखाद्याला चक्कर आली, तर सलाईन लावतानाचा फोटो पदरात.

नाव 'भव्य मोफत सर्वरोग निदान शिबिर' असंच पाहिजे. 'भव्य' काढलं तर छापणारा पैसे कमी करत नाही, मग कशाला काढा? सर्वरोगांसाठी बीपीचा पट्टा, शुगरचं मशीन आणि वजनकाटा, एवढं सामान पुरतं. वजनकाटा आमच्याकडे आहे, लग्नात आचाऱ्याला तांदूळ मोजून द्यायचा.

फ्लेक्सच्या खाली बारीक अक्षरात 'उपाशीपोटी यावे' छापायचं. लोक शहाणे, खरंच उपाशी येतात, सकाळी सातला. उद्घाटन दहाचं छापलेलं असतं आणि पाहुणे साडेबाराला उतरतात. तोवर म्हाताऱ्या माणसांचे हाल बघवत नाहीत. मग पोहे वाटायचे आणि वर पाकासारखा गोड चहा. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार (टोपी, उपरणं, नारळ), मग तीन भाषणं, आणि मग शुगर. साखर वाढलेली निघते. निघणारच, मघाशी कपात होती ती. एका लॅबवाल्या पोरानं मला सांगितलं होतं, उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा वर गेला तर मधुमेहाचा संशय, आणि तोही पुन्हा तपासून पक्का करायचा. पोटात पोहे असले तर त्या आकड्याला ते माप लागतच नाही. पण चिठ्ठीवर पोह्यांचा रकाना कुठे असतो? आकडा लिहायचा, त्याच्याभोवती लाल पेनानं गोल करायचा, पुढे 'हॉस्पिटलमध्ये भेटा'. खरा मधुमेही आला तरी तीच चिठ्ठी, चहावाला आला तरी तीच. भेदभाव म्हणून नाही.

बीपीचं तर माझ्या खुर्च्यांवरच अवलंबून असतं. नियम असा ऐकतो, की माणसाला पाच मिनिटं गप बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड काळजाच्या उंचीला ठेवून हात कशावर तरी टेकलेला. अर्धा तास आधी चहा-बिडी नको. एकदा बघून भागत नाही, थांबून पुन्हा बघायचं, आणि १४०/९० च्या वर दिसलं तरी दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. आता बघा, माझ्या खुर्च्या बिनहाताच्या. हाताच्या खुर्च्या फक्त व्यासपीठावर, त्या पाहुण्यांना लागतात. पेशंट उन्हातून चालत आलेला, रांगेत ढकलाढकल झालेली, डोक्यावर माझे दोन टॉप स्पीकर, आणि माइकवरून भाऊंचं कार्य सांगणं चालू. अशा वेळी ज्याचं बीपी वाढणार नाही तो माणूस खरा आजारी, त्याला आयसीयूत घ्या. बाकीच्यांना चिठ्ठी. सिस्टरबाई पट्टा गुंडाळतानाच विचारतात, "काय करता, पोरं किती, मोतीबिंदू झालाय का?" बोलतं ठेवलं की पारा आणखी चार घरं चढतो.

हाडांचं मशीन मात्र विसरू नका. बायकांची गर्दी त्यालाच होते. मशीन तुमचं नसतं, औषध कंपनीचं असतं. एमआर, म्हणजे कंपनीचा माणूस, स्वतः घेऊन येतो, स्वतः चालवतो, टाच डबीत ठेवायला सांगतो आणि कागद काढून देतो. हाडं ठिसूळ झाली की नाही हे पक्कं ठरवायला खुबा आणि मणक्याची डेक्सा नावाची तपासणी लागते, टाचेवरून ते ठरत नाही. पण डेक्साचं मशीन काही टेम्पोत मावत नाही. टाच मावते. चाळिशीच्या पुढची बाई लाल नाहीतर पिवळ्या पट्ट्यात निघतेच, आणि कॅल्शियमचं पाकीट घेऊन घरी जाते. माझं बिल कोणाच्या नावानं फाडायचं, एवढं आधी ठरवा. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी मार्केटिंगची नवी संहिता आलीय म्हणे, तेव्हापासून एमआर लोक बिलावरच्या शब्दांना फार जपतात. मी 'जनजागृती साहित्य' लिहितो. खुर्चीवर बसल्याशिवाय जागृती होते का?

डोळ्यांच्या कॅम्पचं मी फार सांगत नाही, त्यात खरंच लोकांना दिसायला लागतं. फक्त परतीच्या बसचं डिझेल कोण भरणार ते ऑपरेशनच्या आधी विचारा. आणि काळे चष्मे लावून एका ओळीत बसवायला खुर्च्या लागतात, तेव्हा कळवा.

रक्तदानाचं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण त्यात हेल्मेट आहे. रक्त देणाऱ्याला हेल्मेट द्यायचं, म्हणजे पोरं मोटारसायकलवरून येतात. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, आणि ३५० मिलीची पिशवी. मुख्य कसब हे, की तालुक्यातलं सगळं रक्त एकाच दिवशी काढायचं. भाऊंचा वाढदिवस एकच असतो, त्याला कोण काय करणार? पिशव्यांचा आकडा पेपरात येतो, आणि भाऊंच्या विरोधकाला आपल्या वाढदिवशी त्याच्या वरचा आकडा गाठावाच लागतो. फ्रीजमध्ये पिशवी टिकते फार तर ३५ ते ४२ दिवस, आणि रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने पुन्हा देता येत नाही. हिशेब तुम्हीच करा. दोन महिन्यांनी बाळंतपणात एखादी बाई पांढरी पडली, की तिचा नवरा पिशवीसाठी जळगावच्या रस्त्याला लागतो, आणि वाटेत त्याला दिसतात दोनशे हेल्मेटं. तेव्हा कोणी तुम्हाला सुचवलं, की गावातल्या पोरांची गटवार यादी करा, दर आठवड्याला पाच-सहा जणांना बोलवा, तर सरळ नाही म्हणा. पाच जणांना मांडव लागत नाही.

आता सातपुडा. फ्लेक्सवर 'दुर्गम भागात आरोग्यसेवा' हवं असेल, तर धडगाव-अक्कलकुव्याकडे एक कॅम्प लावावाच लागतो. तिकडे पावरा-भिल आदिवासींत सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे, आणि १ जुलै २०२३ पासून केंद्राची मोठी मोहीमही चालू आहे, म्हणजे पाहुणे मिळायला अडचण नाही. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, नळीतल्या औषधात टाकायचं, गढूळ झालं की पॉझिटिव्ह. तिथंच थांबा. कारण त्या गढुळावरून पोरगी नुसती वाहक आहे (म्हणजे दोष अंगात, पण आजार नाही) की आजारी, हे कळत नाही, त्याला पुढची मोठी तपासणी लागते. आणि दोन वाहकांनी लग्न केलं तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला आजाराची चारात एक शक्यता, हे त्या पोरीला तिच्या बोलीत, लग्नाच्या आधी, बसून समजवावं लागतं. बसून म्हणजे पुन्हा खुर्च्या आल्या. घाट चढवून खुर्च्या न्यायला टेम्पोवाला दुप्पट मागतो. परवडत नाही.

काही लोक उगाच वाईट पायंडे पाडतात, त्यांच्यापासून सावध राहा. २०२० साली, कोरोनात, नर्मदेकाठच्या एका अंगणवाडीच्या ताईची बातमी आली होती. पाड्यांवरची लेकरं आणि गरोदर बाया अंगणवाडीत येईनात, म्हणून ही बाई स्वतः होडी वल्हवत त्यांच्याकडे जायची. एकदा नाही, आठवड्यातून अनेकदा. तेच लेकरू, तोच काटा, पुन्हा पुन्हा वजन. ना रिबीन, ना नारळ, ना माइक. साऊंडवाल्यानं असल्या दारोदारच्या सेवेत जगायचं कसं, सांगा.

असाच एक तरुण डॉक्टर मला भेटला होता, गाव सांगत नाही. त्याची गोष्ट रजिस्टरपासून सुरू होते, म्हणून आधी रजिस्टर. शिबिराचं काळीज म्हणजे रजिस्टर, बाकी सगळं कापड. त्यात सहा रकाने असतात. नंबर, नाव, वय, गाव, मोबाईल, आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली की नाही. झेरॉक्सला फार महत्त्व. घराला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड आहे, ते कोणत्या घरात आहे आणि त्या घरात कोणाचा गुडघा दुखतो, हे एकाच ओळीत दिसलं पाहिजे. सहाव्या रकान्यानंतर वहीची रेघ संपते. तिच्यापुढं जाऊ नका.

त्या डॉक्टरानं पट्टी घेतली आणि सातवा रकाना आखला. वर लिहिलं, 'पुन्हा केव्हा आले'. मी तेव्हाच मनात म्हटलं, हा बुडाला. शिबिरात साखर-बीपीवाले चाळीसएक जण निघाले होते. हा पोरगा पुढच्या गुरुवारी त्यांना फोन लावत बसला. अर्धे फोन बंद, काही चुकीचे, एक जण तर म्हणाला, नंबर पुतण्याचा आहे, तो सुरतेला असतो. मग हा मोटारसायकल काढून गावात गेला. कोणाची गोळी संपलेली, कोणाला चिठ्ठी वाचताच आली नव्हती, एका म्हातारीनं ती लाल गोलाची चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती. तिला वाटलं, मोठ्या माणसानं दिलेला कागद आहे. पुढच्या वर्षी मी विचारायला गेलो, साहेब, यंदा किती बाय कितीचा घालू? तर म्हणतो, मांडव नको, दर गुरुवारी चिंचेखाली बसतो, दोन खुर्च्या दे. दोन! त्याही हाताच्या मागितल्या. म्हणे बीपी बघताना टेकवायला लागतं. फोटो नाही, भाऊ नाही, पेपरात ओळ नाही. आता चिंचेखाली लोक येतात म्हणे, पण त्याला काय अर्थ आहे?

शेवटचं सांगतो आणि उठतो, माझी गाडी भरायचीय. फ्लेक्स छापायला देण्याआधी फोन नंबर तपासून घ्या. दोन वर्षांपूर्वी असंच एक जंगी शिबिर होतं, चारशे खुर्च्या. पाहुण्यांचे फोटो एवढे झाले की दवाखान्याचा नंबर टाकायला जागाच उरली नाही. खालच्या कोपऱ्यात 'मंडप व साऊंड' म्हणून आमचा तेवढा राहिला. कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. त्या रात्रीपासून फोन येतात.

"डॉक्टर बोलतस का? मनी साखर २८० निंघनी, आते काय करू?"

पहिल्या-पहिल्यांदा मी ठेवून द्यायचो. मग वाटलं, म्हातारं माणूस, रात्री अकराला कोणाला विचारणार? विचारतो, बाबा, सकाळी काही खाल्लं होतं का? गोळी चालू आहे का? उद्या न खाता ग्रामीण रुग्णालयात जा, तिथं पुन्हा तपासून देतील. आणि परवा मला सांगा काय निघालं. विसरायला नको म्हणून भाड्याच्या वहीतच मागच्या बाजूला नावं लिहितो. बायको म्हणते, खुर्च्यांच्या हिशेबात ही साखर कुठून आली? परवा एक आजी विचारत होती, "बेटा, तुना दवाखाना कोठे शे?" सांगितलं, गोडाऊनच्या शेजारी, या कधीपण. खुर्च्या आपल्याकडे आहेतच. हाताच्या सहा नव्या घेतल्यात.