सुरतेत धूर विकायला काढलाय म्हणे!

माझा आतेभाऊ सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बॉयलरवर आहे. परवा आमच्या खानदेशी भावकीच्या ग्रुपवर त्यानेच मेसेज टाकला : 'सरकारने प्रदूषण विकायला काढलंय. पैसे भरा, हवा तेवढा धूर सोडा. छोट्या मिली बंद पडणार. हे सगळं अर्थशास्त्रज्ञांचं कागदी गणित.' धूर ज्याच्या छातीत जातो त्यानेच हे पुढे ढकलावं, याचा संताप आला.

'हवा तेवढा धूर' हे धादांत खोटं आहे. तशी मुभा आधी होती! जुना नियम एवढाच, की चिमणीतल्या एका घनमीटर हवेत 150 मिलिग्रॅमहून जास्त धूलिकण नकोत. महिन्याला एकूण किती किलो सोडले, ते कोण विचारत होतं? 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने योजनेतल्या सगळ्या कारखान्यांच्या मिळून एकूण धूलिकणांवरच मर्यादा घातली आणि तेवढ्याच धुळीचे परवाने काढले. कारखाने ते आपसात विकत घेतात, विकतात; हाच तो बाजार. एकाने जास्त घेतले की दुसऱ्याकडे तेवढे कमी उरतात. चिमणीवर मोजणीचं यंत्र चोवीस तास चालू. परवाने कमी पडले, तर आधी भरलेल्या ठेवीतून भरपाई कापतात. यात 'हवा तेवढा' कुठे आलं?

मिली बंद पडण्याचं म्हणाल, तर बहुतेक परवाने फुकटच वाटलेत.

आणि कागदी गणित? ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी सुरतेतले कोळसा जाळणारे 317 कारखाने घेतले. सोडत काढून काही परवान्यांच्या बाजारात टाकले, बाकी जुन्या नियमाखाली ठेवले. बाजारातल्यांचा धूर 20 ते 30 टक्के कमी झाला. परवान्यांच्या बोलींवरून त्यांनी मॉडेल बांधलं : एक किलो धूळ रोखायला कुठल्या कारखान्याला किती खर्च येतो. त्यातून दिसलं, की तेवढीच धूळ रोखायला बाजारात 11 टक्के कमी खर्च येतो. मर्यादा आणखी खाली आणली तर बोजा किती पडेल, हे सरकारला अशाच हिशेबातून आधी कळतं. नाहीतर अंदाजपंचे आकडा ठरवायचा.

एक गोष्ट मान्य करावी लागते. मर्यादा एकूण धुळीवर आहे. परवाने विकत घेणाऱ्या मिलीला लागूनच कुणाचं घर असेल, तर त्याच्या वाट्याला जास्त धूळ येऊ शकते. मग दादा, वस्तीजवळच्या चिमण्यांना वेगळी, कडक मर्यादा मागा. त्या अर्जावर पहिली सही मी करतो.