क्षयाच्या औषधांची ‘सवय’ शरीराला होत नाही

‘क्षयाच्या गोळ्या फार दिवस घेतल्या की शरीराला त्यांची सवय होते आणि त्या लागू पडेनाशा होतात, म्हणून खोकला थांबला की त्या बंद कराव्यात, भीती वाटलीच तर चारांपैकी एकच जोरदार औषध चालू ठेवावे, औषधांना दाद न देणारा क्षय दुसऱ्याला लागत नाही,’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. माझ्या मावसभावाने तो उपचाराच्या दुसऱ्या महिन्यात वाचला आणि गोळ्यांची पाकिटे कपाटात ठेवून दिली.

बदल होतो तो जंतूंच्या जनुकांत. शरीराच्या सवयीचा त्याच्याशी संबंध नाही. फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या साधारण दहा लाखांत एकावर आयसोनियाझिड हे औषध आणि दहा कोटींत एकावर रिफाम्पिसिन हे दुसरे औषध मुळातच चालत नाही. मात्र दोन्हींना पुरून उरणारा जंतू एकावर चौदा शून्ये इतक्यांत एखादाच, म्हणजे जवळजवळ नाहीच. औषधे एकत्र देण्याचे कारण हेच आहे. एकच औषध ठेवले, तर बाकीचे जंतू मरतात आणि त्याला न जुमानणाऱ्या मूठभरांना रान मोकळे मिळते.

‘एकच जोरदार औषध’ हा सल्ला सर्वांत घातक आहे, आणि तो करून पाहिला गेलेला आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५५ रुग्णांना केवळ स्ट्रेप्टोमायसिन दिले होते, तर ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्यातले १४ दगावले, तेव्हा औषध जिंकल्यासारखे वाटले. परंतु तपासलेल्या ४१ पैकी ३५ रुग्णांचे जंतू त्याला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनी मृतांची संख्या ३२ व ३५ अशी जवळजवळ सारखीच झाली.

खोकला काही आठवड्यांत थांबतो, पण संथपणे वाढणारे जंतू उरतात. पुढचे महिने त्यांच्यासाठीच असतात. दाद न देणारा क्षयही हवेतूनच पसरतो.

एवढे मात्र मान्य करावे लागते की एकही दिवस न चुकवणाऱ्या रुग्णातही कधी कधी जंतू औषधांना दाद देईनासे होतात, कारण त्याला लागलेले जंतूच एखाद्या औषधाला आधीपासून न जुमानणारे असतात आणि उरलेल्या औषधांवर सगळा भार पडतो. म्हणूनच सुरुवातीलाच थुंकीची तपासणी करून घ्यावी. यकृताला त्रास होऊ शकतो हेही खरे, पण तेव्हा कोणते औषध थांबवायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

भाऊ उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे. नेमके किती दिवस चुकले हे सांगता यावे म्हणून कपाटातल्या गोळ्या आम्ही दोघांनी मोजून ठेवल्या आहेत.