‘भरती बंद’ म्हणजे नेमकं काय काय बंद?

गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की दवाखाना ओळखू येईल, आणि डॉक्टरांची बदनामी व्हावी असं मला वाटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. दवाखाना पंधरा खाटांचा. माझ्या धाकट्या मुलीचा जन्म तिथलाच.

रविवारी दुपारी त्या दवाखान्याच्या गेटसमोर एक जोडपं उभं होतं. वर पाड्यावरून आलेलं. तिला आठवा महिना. तिच्या हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती, तिच्यात आधार कार्ड आणि सोनोग्राफीचा एक कागद. गेटला नवा फ्लेक्स बांधलेला होता : ‘अपरिहार्य कारणास्तव आंतररुग्ण विभाग पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. बाह्यरुग्ण विभाग सुरू.’ नवऱ्याने तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि मला विचारलं, “दवाखाना चालू शे ना भाऊ?”

‘आंतररुग्ण’ हा शब्द आमच्याकडे कोण बोलतं? लोक म्हणतात भरती, ॲडमिट. मी सांगितलं की तपासणी होईल, पण भरती करणार नाहीत. बाळंतपण इथे होणार नाही. तो म्हणाला, पहिलं बाळ इथेच झालं, दोन वर्षांपूर्वी, सिझर करून. डिस्चार्ज कार्ड मागच्या पावसाळ्यात झोपडी गळाली तेव्हा भिजून गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वेळी लवकर या, म्हणून आठव्यातच आलो.

ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी एसटी स्टँडमागच्या कडुनिंबाखाली, आमच्या ओट्यावर, मी तोच विषय काढला.

मेडिकलवाले शेठ लगेच डॉक्टरांच्या बाजूने उभे राहिले. “आधी त्या माणसाची बाजू ऐका. भूलवाले डॉक्टर जळगावहून यायचे, ते रात्रीचं यायचं बंद झाले. नोंदणी असलेली सिस्टर इथे टिकत नाही, सहा महिन्यांत सरकारी नोकरीचा फॉर्म भरून निघून जाते. फायरची पाइपलाइन, दुसरा जिना, सगळं आत्ता करा म्हणतात. आणि मागच्या वर्षी पेशंट दगावला तेव्हा काचा फुटल्या, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. हल्ला करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा २०१० पासून आहे. काय उपयोग झाला त्याचा? साठी उलटलेल्या माणसाने रात्री दोन वाजता कोणाच्या भरवशावर पोट उघडायचं?” मग म्हणाले, “माझंही नुकसान आहे. रात्रीची विक्री बसली. तरी मी त्यांनाच बरोबर म्हणतो.”

शेठ खोटं बोलत नव्हते. जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथे सिझर करू नये, हे मलाही मान्य आहे. अर्धवट सोयीत भरती घेत राहण्यापेक्षा थांबणं बरं.

“आणि फायरचं म्हणाल तर,” बापू म्हणाले, “त्याला जाच म्हणू नका. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या सिव्हिलला आयसीयूत आग लागली. ती सरकारी रुग्णालयं होती. खाट ठेवायची तर दर जानेवारी-जुलैला यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचंच, २००६ च्या कायद्याने.”

बापू तालुका आरोग्य कार्यालयातून रिटायर झालेत. कागद म्हटला की त्यांना चेव येतो. पण त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते म्हणाले, खाटा उचलल्या म्हणजे जबाबदारी उचलली गेली असं होत नाही. आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. तीन वर्षांची असते. केंद्राचा २०१० चा दवाखान्यांच्या नोंदणीचा, क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेलाच नाही, इथे हा जुनाच चालतो, त्याचे नियम २०२१ साली कडक केले. दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रार ऐकणारा माणूस नेमा, हे तेव्हाचं. आता भरती थांबवली तर सिव्हिल सर्जनला लेखी कळवायला हवं : कायमची की थोड्या दिवसांची, किती खाटा, कधीपासून. नोंदणी जिवंत ठेवून नुसता फ्लेक्स लावला तर कागदावर तो पंधरा खाटांचा दवाखानाच राहतो. उद्या वर कोणी हिशेब केला की या तालुक्यात खाटा किती, तर त्या पंधरा त्यात धरल्या जाणार.

नाना एवढा वेळ गप्प होते. जूनच्या वादळात त्यांची दोन एकर केळी आडवी झालीय, बोलायची इच्छा नव्हती. पण इथे त्यांनी मान वर केली. “म्हणजे खाट नाही आणि मोजणीत आहे?”

“हो. पंचनाम्यात उभी दाखवलेली केळी जशी.”

नानांना ते लगेच कळलं.

बापू पुढे गेले. सोनोग्राफी मशीन आहे म्हणजे १९९४ चा गर्भलिंग निदानाचा कायदा लागूच. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद, म्हणजे एफ फॉर्म, भरायचा, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत. सोनोग्राफी केंद्र बंद केलं तर नोंदणीच्या प्रती परत करायच्या, आणि मशीन नोंदणी नसलेल्या माणसाला विकता येत नाही. गर्भपाताची नोंदवही पाच वर्षं जपायची, तीही गोपनीय. ओपीडीत सुई टोचली, ड्रेसिंग केलं तरी जैविक कचरा होतोच. पिवळी, लाल पिशवी चालूच राहणार आणि तीस जूनच्या आत प्रदूषण मंडळाला वर्षाचा अहवालही जाणार. पिवळ्या पिशवीतलं अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवता येत नाही. खाटा कमी झाल्या म्हणून गाडी चार-चार दिवसांनी यायला लागली तर त्याचा ठपका डॉक्टरांवरच. शेवटच्या आठवड्यात तिथे जन्मलेल्या बाळांची खबरही एकवीस दिवसांत नोंदवायची, नाहीतर ती लेकरं पुढे दाखल्यासाठी फिरत राहतात.

“सात ऑफिसला सात पत्रं,” शेठ वैतागून म्हणाले. “आणि त्यातलं एक तरी त्या बाईच्या उपयोगाचं आहे का?”

मला नेमका तोच प्रश्न पडला होता, फक्त शेठना तो डॉक्टरांच्या बाजूने पडला आणि मला त्या बाईच्या. हे सगळे कागद ऑफिसांसाठी आहेत. गेटवर उभ्या असलेल्या बाईला कोण कळवणार?

बापू थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आहे. तेही लिहिलेलं आहे. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम. डॉक्टरने एकदा केस हातात घेतली की रुग्णाला आणि घरच्यांना पुरेशी आधी सूचना दिल्याशिवाय ती सोडायची नाही.”

म्हणजे ज्या बायकांची नावं त्या रजिस्टरला आहेत, ज्यांची तारीख जून-जुलैची आहे, त्या हातात घेतलेल्या केस आहेत. त्यांना फोन जायला हवा होता. फ्लेक्स हा फोन नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला तर तो फ्लेक्सही नाही. माझं म्हणणं एवढंच होतं आणि मी ते जरा मोठ्याने बोललो. चहावाल्याने वळून पाहिलं.

“खासगी माणूस आहे तो,” नाना म्हणाले. “आपण केळी लावायची बंद केली तर कोणाला विचारतो? सरकारला विचारा ना. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं आहे, रात्री गेलं की जळगावला रेफर. तिथे भूलवाला का नाही, हे कोणी विचारत नाही.”

नानांचं हे अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं फार मोठं आहे. सरकारी रुग्णालयात रात्री सिझर होत असतं तर या पंधरा खाटांचं एवढं ओझं झालंच नसतं. पण केळी लावायचं बंद केल्याने कोणाच्या पोटातलं बाळ अडकत नाही. ते जोडपं विश्वासाने आठव्या महिन्यात आलं, कारण डॉक्टरांनीच ‘लवकर या’ सांगितलं होतं.

नानांचा भाचा अमेरिकेत दवाखान्याच्या हिशेबाचं काम बघतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट नानांनीच मग पुढे केली. तिकडेही खेड्यातले छोटे दवाखाने खाटा बंद करताहेत, पण १ जानेवारी २०२३ पासून त्यांनी त्याची एक वेगळी नोंदणीच काढली. खाटा सोडायच्या, मात्र तातडीचा विभाग चोवीस तास उघडा ठेवायचा, आणि पुढे पेशंट कुठे पाठवणार त्या मोठ्या रुग्णालयाशी करार आधी दाखवायचा. बदल्यात सरकार दर महिन्याला ठरलेले पैसे देतं.

“करार आधी,” बापू म्हणाले. “आपल्याकडे करार म्हणजे छोटूची गाडी.”

छोटू क्रुझर चालवतो. मोबाइल खाली ठेवून तो म्हणाला, “तुम्ही कायदा सांगतस, पन रातले दोन वाजता दार कोन उघाडस? मन्ही गाडीमा दोन डिलिव्हऱ्या व्हई गयात. मी डॉक्टर शे का?” दुसरी तापीच्या पुलाच्या अलीकडे झाली. रस्त्यावर केळीच्या ट्रकांची रांग लागलेली. सासूने लुगड्याने आडोसा धरला आणि याने मोबाइलचा उजेड. १०८ ला फोन केला होता, गाडी दुसऱ्या केसवर गेलेली. हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. सांगताना तो हाताच्या तळव्याकडे बघत होता. नंतर बराच वेळ शेठही काही बोलले नाहीत.

त्या जोडप्याला छोटूनेच सोमवारी पहाटे जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेलं. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला : आधीचं सिझर का केलं होतं, आणि गर्भपिशवीवरचा छेद आडवा की उभा? नैसर्गिक बाळंतपणाची वाट पाहायची की थेट ऑपरेशनची तारीख द्यायची, हे त्यावर ठरतं. त्याचं उत्तर एकाच कागदावर आहे, आणि तो कागद आमच्या गावात, बंद झालेल्या खाटांच्या दवाखान्यात.

भरती झालेल्या रुग्णाची फाइल उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली तर बहात्तर तासांत द्यायची, हेही त्याच २००२ च्या नियमांत आहे. नवऱ्याने रविवारी रात्रीच आमच्या ओट्यावर अर्जावर सही केली आणि तिचा अंगठा घेतला. मी आणि बापू सोमवारी ओपीडीच्या वेळेला गेलो. आत पॅसेजमध्ये गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. सलाइनचे स्टँड एका कोपऱ्यात. डॉक्टर थकलेले दिसले. म्हणाले, “फायली वरच्या खोलीत टाकल्यात, माणूस नाही माझ्याकडे शोधायला.” बापू म्हणाले, “आम्ही दोघं शोधू, तुम्ही फक्त परवानगी द्या.” ते म्हणाले, दुसऱ्यांच्या फायलींना हात लावू देता येणार नाही. हे त्यांचं बरोबर होतं, आम्ही मागे सरलो. मग मी जून-जुलैच्या तारखांच्या बायकांचं विचारलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोटाने मोजलं, आणि म्हणाले, “नऊ.” एवढंच. रजिस्टर मिटलं नाही, फोन समोर ओढला.

अर्जाची पोच घेतली आहे, तारीख आणि वेळ घालून. गुरुवारी सकाळी साडेअकराला बहात्तर तास होतात. तेव्हा बापू आणि मी तिथे असू, आणि छोटूने गाडी रिकामी ठेवलीय.