सारांशावर भागवणाऱ्यांना

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतोय: ३०० पानांच्या पुस्तकात कामाचं असतं १० पानांचं, बाकी पाल्हाळ. वाचायचं ते माहितीसाठी, तेव्हा सारांश वाचा आणि वेळ वाचवा. ज्यातून काही शिकायला मिळत नाही, ते वाचूच नका.

आधी पाल्हाळाचं बघू. गीतेचे श्लोक ७००. त्यांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे ९,००० ओव्या रचल्या. या संदेशाच्या हिशोबाने हा आतबट्ट्याचाच व्यवहार. पण सप्ताहात पारायणाला बसणाऱ्यांना गीतेचं तात्पर्य ठाऊक नसतं असं थोडंच आहे? कित्येकांची ओवी न् ओवी पाठ असते. तरी दरवर्षी बसतात.

वाचन माहितीसाठी म्हणता? १८५७च्या तारखा, पलटणी, लढाया इतिहासाच्या ग्रंथांत कितीतरी नेमक्या मिळतात. तरीही १९०७ साली छापलेला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' लोक अजून वाचतात. वरसईचा हा कर्जाने गांजलेला भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या धामधुमीत सापडला. राज्य कोणाचं राहतं याच्या जोडीला मिळालेली दक्षिणा घरापर्यंत पोचेल का, हा घोर. सारांश करा: 'भटजी गेले, लुटले गेले, परत आले.' यात चूक काहीच नाही. पण झाशीत कत्तल चालू असताना जीव मुठीत धरून दडलेल्या माणसाशेजारी आपणही श्वास रोखून बसतो, ते या सहा शब्दांत कुठे आहे? मला विचाराल तर त्या बसण्यासाठीच पुस्तक उघडायचं.

शिकायला मिळालंच पाहिजे, ही अट तर शाळामास्तरी थाटाची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांनी त्यांचा फडशा पाडला, तो काय बोध घ्यायला? पुढे काय होतं, एवढ्याचसाठी. अशा वाचकाला खुनी कोण हे पहिल्याच ओळीत सांगणारा सारांश देऊन बघा. जरा लांब उभं राहून द्या.

राहिला वेळ. आयकराच्या नियमांचा सारांश मलाही हवाच असतो. तिथे वाद नाही. पण हाच संदेश पुढे ढकलणारी मंडळी धावफलक सकाळच्या पेपरात मिळणार हे माहीत असूनही शेवटच्या षटकापर्यंत सामना बघत जागतात. तेव्हा वेळ कुणी मोजत नाही.