बोअरची वीस मिनिटे

निवृत्तीनंतर इंदूरबाहेर खंडवा रोडवरच्या आमच्या अडीच एकर शेतात निवांत राहायचे, असे मी नोकरीत असताना इंदूरच्या रामबागेतल्या ज्या ज्या स्नेह्यांना सांगून ठेवले होते, ते सगळे एप्रिल उजाडला की आवर्जून फोन करून ‘कसा काय चाललाय निवांतपणा?’ असे विचारतात. मी ‘छान’ म्हणतो, कारण रात्री अडीच वाजता बनियनवर, हातात बॅटरी घेऊन, जमिनीला पाडलेल्या एका भोकाशी कान लावून बसलेल्या माणसाचे नेमके काय चालले आहे, हे फोनवर समजावून सांगणे अवघड असते.

हे भोक 420 फूट खोल आहे. उन्हाळ्यात ते सलग वीस मिनिटे पाणी देते आणि पुढचे तीन तास विचार करते. शेतीची थ्री फेज वीज पाळ्यांनी येते व तिची एक पाळी रात्रीची असते, तेव्हा ही वीस मिनिटे बहुधा माझ्या झोपेतूनच कापली जातात. हिरवे बटण दाबले की आधी स्टार्टर गुरगुरतो, मग पाइपातून खाकरल्यासारखा आवाज येतो, दोन-तीन शिंका होतात आणि मग धार लागते. खरी कसोटी त्यानंतरची. धार बारीक होऊन फुसफुसू लागली की त्याच क्षणी लाल बटण दाबावे लागते, कारण सबमर्सिबल मोटरीला थंड ठेवणारे पाणीच असते आणि ती कोरडी फिरली की तिचे वाइंडिंग जळते. मग मोटर वर काढायची, म्हणजे 420 फूट पाइप, चार माणसे, त्यांचे पोहे, त्यांचा चहा आणि त्यांचे सल्ले. गेल्या मे महिन्यात धार ऐकता ऐकता मला डुलकी लागली होती. ती मला साडेअठरा हजारांना पडली. आपोआप मोटर बंद करणारे यंत्रही मी बसवून पाहिले, पण ते स्वभावाने फार भित्रे निघाले: व्होल्टेज जरा हलले की भरल्या धारेतच बंद पडे.

या बोअरची जागा एका पाणाड्याने दाखवली होती. तळहातावर आडवा नारळ ठेवून त्याने सारे शेत पालथे घातले आणि चिंचेपाशी तो नारळ ताठ उभा राहिला. माळव्याच्या पठाराखाली लाव्हाच्या थरांचा काळा बेसॉल्ट आहे, त्यात पाणी साठते ते केवळ भेगांत आणि झिजलेल्या खडकात, त्यामुळे पन्नास फुटांवरच्या शेजाऱ्याला धो धो पाणी आणि आपल्याला धूळ असे सहज घडू शकते, हे ज्ञान मला बोअरचे पैसे दिल्यानंतर झाले. नारळाचे खोबरे मात्र आम्ही चटणीत घातले आणि ते उत्तम निघाले. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी माळव्याची ख्याती आहे. ती सांगणारा बहुधा ऑगस्टात इकडून गेला असावा.

वीस मिनिटांच्या पाण्यावर हक्क सांगणारे अनेक. म्हशीचा मान पहिला, कारण उन्हाळ्यात ती दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पिते आणि कमी पडले तर दुधातून वसूल करते. मग अठरा लिंबे, मग चरीचा, म्हणजे हिरव्या चाऱ्याचा, एक वाफा. उरलेल्यात आम्ही दोघे. ‘अहो, म्हशीला आंघोळ आणि मला तांब्याभर पाणी?’ असे सौभाग्यवतींनी एकदा विचारले, तेव्हा मी लिंबांकडे पाहत राहिलो.

तोडगा शेवटी त्यांनीच काढला. आमच्या इंदूरच्या घरी एक दिवसाआड नर्मदेचे पाणी येते. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर नळांतून, विंध्याचा चढ चढवत, 1978 पासून ही नदी शहरात आणली जात आहे. एवढ्या खटाटोपाने वर आणलेल्या त्या नर्मदेला मी आता वीस-वीस लिटरच्या कॅनांत भरून, गाडीच्या डिकीत बसवून, खंडवा रोडने पुन्हा तिच्याच दिशेला घेऊन जातो. पेट्रोलचा हिशेब मी अद्याप केलेला नाही.

काळ्या मातीचे आणखी एक. ती सुकली की आकसते आणि भेगा पडतात, हे शाळेत शिकलो होतो. त्या भेगेत माझा चष्मा खिशातून निसटून जाईल, हे शिकवले नव्हते. मी पालथा पडून कोपरापर्यंत हात घातला, तारेचा आकडा घातला, आणि वर आला तो विळ्याचा गंजका तुकडा व चार वर्षांपूर्वी हरवलेला चहाचा चमचा. आमचे वाटेकरी काका शांतपणे म्हणाले, ‘बाबूजी, पावसात भेग मिटेल, मग नांगरताना वर येईल.’ तूर्त मी जुन्या नंबराच्या चष्म्याने व्होल्टमीटर वाचतो, म्हणजे अंदाज करतो.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला आणि नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचा उन्हाचा कडाका, लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले आणि दहा मिनिटे बरे शिंतोडे पडले. मी आनंदाने बादली घेऊन अंगणात धावलो, तर काका ओसरीत सुतकी चेहऱ्याने बसलेले. नवतपा तापला तरच पाऊस धड पडतो, तो असा गळाला की पुढचा हंगाम बिघडतो, असे त्यांनी मला ऐकवले. बादली मी मुकाट्याने पालथी घातली.

त्याच रात्री बोअर मात्र चक्क तेवीस मिनिटे चालला. मी दोनदा घड्याळ पाहिले, सौभाग्यवतींना उठवून सांगितले आणि पहाटे काका येताच फाटकातच त्यांना ही बातमी दिली.

‘व्होल्टेज कमी होते,’ काका म्हणाले. ‘मोटर हळू फिरली. पाणी तेवढेच.’