'रोज चाला' एवढ्यावर भागत नाही

डायबिटीस म्हटलं की जो तो सांगतो, "चालायला लाग." सल्ला खोटा नाही. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी फरक पडतो. माझी तक्रार वेगळी आहे. किती चालायचं ते सगळे सांगतात, गोळी कोणती चालू आहे ते कुणी विचारत नाही.

नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची शुगर चालताना एकदम उतरण्याची शक्यता फार कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांचं तसं नाही. तिथे औषधही साखर उतरवतं आणि व्यायामही. अशांनी निघण्याआधी मीटरवर बघावं. ९०च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. ७०च्या खाली असेल तर व्यायाम राहू दे. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं.

खरा घोळ पुढे आहे. लो शुगरमध्ये घाम येतो, छाती धडधडते. व्यायामातही तेच होतं! "काय मस्त घाम निघतोय" म्हणून गडी खूश, आणि शुगर ६०वर. त्यात बीपीसाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी, चालू असेल तर धडधडही धड जाणवत नाही. हात थरथरायला लागले, समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरेना, की आहात तिथेच थांबा. "एवढी फेरी पूर्ण करतो" हा हट्ट नको.

खिशात ग्लुकोजच ठेवा. चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, कारण साखर फुटू न देणं हेच त्या गोळीचं काम. हे गोळी लिहून देतानाच सांगायला हवं, नाही का?

जोर लावून वजनं उचलल्यावर कधीकधी शुगर उलट वाढलेली दिसते. अॅड्रेनलिनमुळे लिव्हर साखर सोडतं, त्याचा तो परिणाम. घाबरून जादा इन्सुलिन टोचू नका, काही तासांनी ती घसरते, कधी भर झोपेत. संध्याकाळी दणकून व्यायाम झाला असेल तर झोपण्याआधी एकदा तपासा. टाइप १ वाल्यांनी, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्यांनी, मात्र शुगर २५०च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं) बघावेत. कीटोन असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही.

डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर श्वास रोखून वजनं उचलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. पाय बधिर असतील तर बूट घालण्याआधी आत हात फिरवा, आल्यावर तळवे बघा.

आणि पुढच्या तपासणीला दोनच गोष्टी विचारा: या औषधावर मला लो होऊ शकतं का, आणि जास्त व्यायामाच्या दिवशी डोस तोच ठेवायचा का. आपल्या मनाने गोळी अर्धी करणारे बरेच आहेत, त्यांना तर हे आधी सांगा.