चिमणीसाठी टाकलेले दाणे खातं कोण?

मार्च उजाडला की फेसबुकवर दोन गोष्टींना ऊत येतो: हापूसचे भाव आणि चिमण्यांचे फीडर. २० मार्चचा चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो (त्याची सुरुवात आपल्या नाशिकच्या संस्थेने केली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं). त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या कापून, आरपार लाकडी चमचे खुपसून केलेल्या फीडरचे फोटो येतात. मुलं रंगवतात, आजोबा दाणे भरतात. कौतुकच आहे. पण आठवड्याभराने त्याच बाल्कनीत डोकावून बघा, दाणे कोण खातंय ते. कबुतर!

मला कबुतरांचा राग नाही. पण त्यांना आपल्या मदतीची काडीची गरज नाही. डक्टमध्ये घर, एसीवर बाळंतपण, सगळी सोय आहे. कबुतरं जमली की चिमणी किंवा मुनियासारखी दाणे टिपणारी इवली पाखरं तिथे फिरकत नाहीत. शिवाय वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसं खराब होतात, हे छातीचे डॉक्टर कधीपासून कानीकपाळी ओरडताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, तेव्हा केवढा गहजब झाला ते आठवत असेल. श्रद्धा, आरोग्य, राजकारण सगळं निघालं. बाकीच्या पाखरांचं नाव फारसं कोणी काढलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी पाहुणा ठरवा, मग पान वाढा.

चिमण्या आणि मुनिया हव्यात ना? मग बाटली, प्लेट, ट्रे काही नको. ज्वारीची किंवा बाजरीची चार-पाच कणसं घ्या, देठाशी सुतळीने घट्ट बांधा आणि तोंड खाली करून टांगा. ग्रिलला चिकटून नाही, वितभर लांब, मोकळी. सगळी गंमत या लोंबकळण्यात आहे. चिमणी कणसाला नखांनी धरून उलटीपालटी होऊन खाते. ठिपकेवाली मुनिया तर गवताच्या काडीवर झुलत जेवणारी, तिला हे घरचंच वाटतं. कबुतराला मात्र असं लटकता येत नाही. त्याला पाय टेकायला सपाट जागा लागते. ते येतं, पंख फडफडवतं, कणसाला एक धक्का देतं आणि निघून जातं. ना जाळी, ना हाकलाहाकली.

मुनियाला खाताना जवळून बघाच. एक दाणा चोचीत घेते, चोच नुसती हलल्यासारखी वाटते आणि दोन्ही बाजूंनी टरफल गळून पडतं. दाणा कधी गिळला ते कळतही नाही. ही टरफलं खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात आणि काकूंचा फोन येतो, ते वेगळं. त्याला उपाय एकच. कणसाखाली कुंडी ठेवा आणि काकूंना हुरड्याला बोलवा.

यात माझं डोकं काही नाही. कोकणात नवान्न पौर्णिमेला दाराला ‘नवं’ बांधतात. त्यात भाताच्या लोंब्या असतात, आणि चिमण्या त्या टिपतात. फीडर आपल्या दारावरच होता. आणि गंमत बघा, देशावर माळ्यावर उभं राहून गोफणीने ज्वारीवरची पाखरं हाकलणाऱ्यांची नातवंडं आज शहरात तीच ज्वारी विकत घेऊन पाखरांना बोलावतात.

आता ते परदेशी व्हिडिओ. चरबी वितळवून, त्यात दाणे घालून केलेले लाडू झाडाला टांगायचे. इंग्लंडात ते बरोबर आहे. तिथे बर्फ पडतं, थंडीतली रात्र सोळा-सोळा तासांची, आणि एवढ्याशा पाखराला तेवढी रात्र अंगातल्या चरबीवर काढायची असते. पुण्या-नागपुरात एप्रिलमध्ये हा लाडू टांगलात तर दुपारपर्यंत वितळेल, खवट होईल आणि पिसांना चिकटेल. आपल्या पाखरांचा अवघड काळ थंडी नाही. थंडीत शेतात दाणा असतो. अवघड काळ उन्हाळा, आणि तेव्हा हवं असतं पाणी. मातीचं पसरट परळ घ्या, दोन बोटं खोल पाणी, मध्ये एक खडबडीत दगड. रोज पाणी बदला आणि आठवड्यातून दोनदा तरी नारळाच्या शेंडीने घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. कावळा शिळ्या पोळीचा तुकडा आणून त्यात बुचकळतो, मऊ झाला की खातो आणि गढूळ पाणी मागे ठेवून जातो. त्याच्यावर चिडू नका, पाणी बदला.

स्वच्छतेचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाचा पक्षी २००५ नंतर एका साथीत प्रचंड घटला. आजार पसरायला पाणवठे आणि फीडरवरची गर्दी, तिथलं उष्टं दाणा-पाणी कारण ठरलं. माया करायची तर भांडी घासायचीही तयारी हवी.

लाल प्लास्टिकच्या फुलांची साखरपाण्याची बाटली ऑनलाइन मिळते. तिच्या खोक्यावर हमिंगबर्डचं चित्र असतं. तो पक्षी अमेरिकेतला, भारतात नाहीच. आपल्याकडे शिंजीर (सनबर्ड) आहे. त्याला फुलातला मध लागतो, पण कोळी आणि किडेही लागतात, पिल्लांना तर विशेष. आपल्या उन्हात साखरपाणी लगेच आंबतं. त्यापेक्षा कुंडीत जास्वंद किंवा कर्दळ लावा. आवार असेल तर सिंगापूर चेरीचं झाड लावा, म्हणजे बुलबुल येईल, इवलासा फुलटोच्या येईल. कढीपत्ता सारखा खुडून बोडका केला नाही तर त्याची काळी फळं खायला कोकीळ येते. आणि कुंड्यांवर कीटकनाशकाचे फवारे मारणं बंद करा. चिमणीची पिल्लं सुरुवातीला ज्वारी खात नाहीत, अळ्या खातात. एकीकडे दाणे ठेवायचे आणि दुसरीकडे अळ्या मारायच्या, याला काय म्हणावं?

उरलंसुरलं म्हणून शेव, फरसाण, वेफर्स, ब्रेड बाहेर ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती: मीठ-मसाला त्या एवढ्याशा जिवाला सोसत नाही. द्यायचंच तर पिकलेल्या पपईची फोड किंवा केळं द्या, आणि संध्याकाळी उरलेलं उचला. मूठभर दाणे दिवसाला पुष्कळ झाले.

कणसं कुठे मिळतात, हा प्रश्न येणारच. बाजरीची कणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास, रब्बी ज्वारीची फेब्रुवारी-मार्चमध्ये. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा किंवा मंडईत हुरडा विकणाऱ्याकडे चौकशी करा. कोरडी, बुरशी नसलेलीच घ्या. कणसं नाहीच मिळाली तर किराणा दुकानातली खायची ज्वारी चालेल, थोडी थोडी. कृषी केंद्रातल्या बियाण्याच्या पिशवीतले गुलाबी-लाल रंगाचे दाणे मात्र स्वस्तात किंवा फुकट मिळाले तरी आणू नका. तो रंग बुरशीनाशक-कीटकनाशक चोळल्याची खूण असतो, आणि चिमणीला ते सरळ विष आहे.